शववाहिकेवरचा दिवा आणि मागे राहिलेली गाडी

वाचकाचे पत्र, थोडक्यात: चार महिन्यांपूर्वी माझे वडील गेले. आमच्या तालुक्याच्या गावात एका सेवा मंडळाची शववाहिका आहे, तीच बोलावली होती. घरापासून स्मशानभूमी सहा किलोमीटर असून वाटेत बाजारपेठेतला चौक आणि दोन सिग्नल लागतात. पुढे शववाहिका आणि मागे आमच्या चार गाड्या असे आम्ही सकाळच्या गर्दीत निघालो. पहिल्याच सिग्नलला शववाहिका आणि तीन गाड्या पुढे निघून गेल्या. आई आणि आत्या सर्वांत शेवटच्या गाडीत होत्या, ती अडकली. तिचा चालक परगावचा असल्याने पुढे रस्ताही चुकला. आई स्मशानात पोहोचली तेव्हा वडिलांच्या अंगावर लाकडे रचून झाली होती. तिला त्यांचे शेवटचे तोंड पाहता आले नाही. ती त्याबद्दल काही बोलत नाही, पण मला ते विसरता येत नाही. वडिलांच्या स्मरणार्थ त्या शववाहिकेवर लाल-निळ्या दिव्यांची पट्टी आणि सायरन बसवून देण्याचे मी ठरवले आहे आणि दुकानदाराला आगाऊ रक्कमही दिली आहे. मेव्हणे म्हणतात, हे बेकायदा आहे. शववाहिकेचा चालक म्हणतो, ‘सगळेच लावतात, मयताच्या गाडीला कोण अडवणार?’ मंडळाने निर्णय माझ्यावर सोपवला आहे. जिवंत माणसाच्या गाडीला वाट मिळते, मग गेलेल्या माणसाच्या गाडीला तेवढा मान का मिळू नये?

उत्तर:

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वेळी दिव्याचा आणि सायरनचा प्रश्न दिसला. दुसऱ्या वेळी मात्र शेवटच्या गाडीत बसलेल्या तुमच्या आईच दिसत राहिल्या. कायद्याकडे मी पुढे येणारच आहे, कारण तुमच्या मेव्हण्यांचे म्हणणे बरेचसे बरोबर आहे. पण कायदा सांगून तुमचे समाधान होणार नाही, हे मला ठाऊक आहे. ‘बेकायदा आहे, बसवू नका’ एवढेच लिहिले, तर तुम्ही दिवा बसवणार नाही, पण मनातली सल तशीच राहील. म्हणून आधी त्या सकाळकडे पुन्हा एकदा पाहू या.

शववाहिका पुढे गेली आणि शेवटची गाडी मागे राहिली, असे तुम्ही लिहिता. आता त्याच सकाळी शववाहिकेवर सायरन होता अशी कल्पना करा. सायरन वाजताच चौकातली माणसे बाजूला झाली असती, शववाहिका कदाचित लाल सिग्नललाही थांबली नसती आणि बाजारपेठ निम्म्या वेळात ओलांडून गेली असती. तुमच्या आईंच्या गाडीवर मात्र सायरन नव्हताच. सायरनने मोकळी झालेली वाट तो ज्या गाडीवर असतो तिच्यापुरतीच असते. ती गाडी पुढे सरकली की खोळंबलेली वाहने लगेच त्या मोकळ्या जागेत शिरतात. म्हणजे त्या दिवशी सायरन असता तर पहिल्या आणि शेवटच्या गाडीतले अंतर कमी झाले नसते, ते आणखी वाढले असते. ज्या दुःखावर तुम्ही हा उपाय योजला आहे, त्याच दुःखात त्याने भर घातली असती.

यात एक धोकाही आहे, आणि तो शववाहिकेपेक्षा तिच्या मागच्या गाड्यांना अधिक आहे. सायरन वाजवणाऱ्या गाडीमागे तिचे आप्त आपापल्या गाड्या दामटतात, कारण आपणही त्याच यात्रेतले आहोत, असे त्यांना वाटत असते. आडव्या रस्त्यावर थांबलेल्या माणसाला मात्र एकच गाडी अपेक्षित असते. ती गेली की तो क्लच सोडतो, आणि नेमक्या त्याच क्षणी दुसरी गाडी चौकात घुसते. ती चालवणारा बहुधा रात्रभर जागलेला, रडलेला, समोरच्या गाडीवर नजर खिळवून बसलेला कोणी भाचा किंवा जावई असतो. अशा माणसाच्या हाती वेग देऊ नये.

सायरनचा परिणाम गाडी चालवणाऱ्यावरही होतो. तो सुरू झाला की उजवा पाय आपोआप जड होतो, असे मला एका निवृत्त शववाहिका-चालकाने सांगितले होते. त्यांनी अनेक वर्षे हे काम केले होते आणि त्यांची एक पद्धत होती. निघण्यापूर्वी ते खाली उतरत, मागे उभ्या असलेल्या गाड्यांच्या बाजूने शेवटपर्यंत चालत जात, शेवटची गाडी कोणती आणि कोणत्या रंगाची आहे हे पाहून ठेवत, तिच्या चालकाशी दोन शब्द बोलत आणि मगच आपल्या जागेवर येऊन बसत. वाटेत त्यांची नजर जितकी समोर असे, तितकीच उजव्या बाजूच्या आरशात असे. शेवटची गाडी दिसेनाशी झाली की ते रस्त्याच्या कडेला थांबत आणि ती दिसेपर्यंत हलत नसत. एकदा कोणीतरी घाई केली, तेव्हा ते एवढेच म्हणाले होते, ‘आतल्यांना उशीर होत नाही, मागच्यांना होतो.’ त्यांच्या गाडीला साधा हॉर्न होता आणि तोही ते क्वचितच वाजवत.

आता तुमच्या पत्रातल्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. मान आणि वाट या दोन गोष्टी तुम्ही एकच धरल्या आहेत. रुग्णवाहिकेला आपण वाट देतो ती मान म्हणून देत नाही. आतला माणूस कोण आहे, मोठा की लहान, चांगला की वाईट, हे वाट देणाऱ्याला ठाऊकही नसते. त्याला एकच गोष्ट ठाऊक असते, की आत वेळ संपत आला आहे. सायरनचा अर्थ तेवढाच आहे. अंत्ययात्रेला जो मान मिळतो, तो याच्या नेमका उलट, सावकाशीतून मिळतो. दुचाकीवरचा माणूस पाय टेकून थांबतो, टपरीवरचा माणूस हातातला पेला खाली ठेवतो, एखादा दुकानदार शटर अर्धे ओढून घेतो, ओळख नसलेली माणसे हात जोडतात. हे सगळे घडायला गाडी त्यांच्यासमोरून हळू जावी लागते. सायरन वाजवत भरधाव गेलेल्या गाडीपुढे लोक दचकून बाजूला होतात. त्यांचे हात जोडले जात नाहीत.

आणि वाट देणाऱ्यांच्या मनातला तो अर्थ जपायला हवा. तातडी नसताना वाजणारा प्रत्येक सायरन पुढच्या खऱ्या रुग्णवाहिकेची वाट थोडी थोडी अडवतो. ‘रिकामीच असेल’, ‘चहाला निघाले असतील’ असे आपल्याकडे रुग्णवाहिकेबद्दलही सर्रास बोलले जाते. त्यात शववाहिकांची भर पडली, तर आवाज ऐकल्यावर आरशात पाहण्याची सवयच मोडेल. तुमच्या वडिलांना शेवटच्या दिवसांत कधी रुग्णवाहिकेतून नेले असेल, तर त्या वेळी पुढच्या गाड्या बाजूला होण्याची तुम्ही कशी वाट पाहिली होती, ते तुम्हाला आठवत असेल.

आता कायदा. तो थोडा किचकट आहे, पण तुमच्यासारखा विचार करणारी मंडळे अनेक असतील, म्हणून नीट लिहितो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ११९ प्रमाणे, एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न किंवा कर्कश, घाबरवणारा आवाज करणारे कोणतेही साधन वाहनावर लावता येत नाही. याला अपवाद मोजके आहेत : रुग्णवाहिका, अग्निशमन आणि बचावकार्याची वाहने, कामावर असलेले पोलीस आणि मोटार वाहन विभागाचे अधिकारी यांची वाहने, तसेच बांधकामाची अवजड वाहने. तेथेही नोंदणी प्राधिकाऱ्याने, म्हणजे व्यवहारात आरटीओने, मान्य केलेलाच आवाज चालतो. शववाहिका या यादीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१३ रोजी अभयसिंह विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात निकाल देताना लाल दिव्यांच्या सर्रास वापरावर कडक ताशेरे ओढले आणि या यादीबाहेरच्या वाहनांवर असे बहुसुरी हॉर्न लावता येणार नाहीत, हेही स्पष्ट केले.

दिव्यांबाबत नियम १०८ पाहावा लागतो. वाहनाच्या पुढच्या बाजूला लाल प्रकाश आणि मागच्या बाजूला लालखेरीज दुसरा प्रकाश दिसता कामा नये, हे त्याचे मूळ सूत्र आहे आणि त्याला काही सवलती दिलेल्या आहेत. मान्यवरांच्या गाड्यांवरचा दिवा याच नियमातल्या सवलतीवर चालत असे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०१७ रोजी ती काढून घेण्याचा निर्णय केला आणि १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचेही दिवे उतरले. लाल, निळा आणि पांढरा असा बहुरंगी दिवा आता आग, कायदा-सुव्यवस्था, आपत्ती अशा तातडीच्या कामांसाठी ठरवून दिलेल्या वाहनांपुरता राहिला आहे. तुम्ही पसंत केलेली पट्टी नेमकी त्याच प्रकारची आहे. देशाच्या मंत्र्याने जो दिवा उतरवला, तो आपण आपल्या वडिलांच्या नावाने चढवावा का, असा प्रश्न मी तुमच्या जागी असतो तर स्वतःला नक्कीच विचारला असता.

याच नियमात रुग्णवाहिकेच्या दिव्याला सवलत आहे आणि तिथले शब्द पाहण्यासारखे आहेत. जांभळ्या काचेचा, उघडझाप करणारा लाल दिवा ‘रुग्ण नेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या’ रुग्णवाहिकेवर चालतो. गाडीचा आकार, तिचा पांढरा रंग किंवा ती पूर्वी काय होती, याला तेथे महत्त्व नाही. ती आज कशासाठी वापरली जाते, हे महत्त्वाचे आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडच्या अनेक शववाहिका म्हणजे जुन्या, सेवेतून काढलेल्या रुग्णवाहिकाच असतात. तुमच्या मंडळाच्या गाडीचा टप एकदा वर चढून पाहा. जुन्या दिव्याच्या बोल्टांची चार भोके तिथे सापडली, तर नवल वाटू नये. तो दिवा काढला गेला तो बहुधा याच कारणाने. ती भोके तयार आहेत म्हणून नवा दिवा बसवणे सोपे आहे, असे दुकानदार तुम्हाला सांगेल. ते सोपे आहे, यात वाद नाही.

‘सगळेच लावतात’ हे चालकाचे म्हणणे वस्तुस्थिती म्हणून खोटे नाही. पण कोणी अडवत नाही, याचे कारण कायदा परवानगी देतो असे नसून मयताची गाडी अडवायला पोलिसालाही संकोच वाटतो, हे आहे. त्या संकोचाचा फायदा घेऊ नये, असे मला वाटते. शिवाय जोवर सारे सुरळीत आहे तोवरच कोणी विचारत नाही. उद्या एखाद्या चौकात सायरनच्या भरवशावर सिग्नल मोडताना अपघात झाला, तर पहिला प्रश्न त्या सायरनबद्दलच विचारला जाईल, आणि उत्तर द्यायला चालक आणि मंडळाचे विश्वस्त उभे राहतील. देणगीदार म्हणून तुमचे नाव तेव्हा गाडीच्या दारावर रंगवलेले असेल.

वाट देण्याच्या सक्तीबाबतही एक गैरसमज दूर करतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९४-ई आले. त्याप्रमाणे अग्निशमनाची गाडी, रुग्णवाहिका किंवा राज्य सरकारने ठरवलेले अन्य आपत्कालीन वाहन आले असता बाजूला न होणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. या कलमात शववाहिकेचे नाव नाही. म्हणजे दिवा लावूनही वाट मागण्याचा हक्क मिळत नाही, फक्त तो असल्याचा आभास निर्माण होतो. मिरवणुकांचा विचार आपल्या नियमांनी केलाच नव्हता, असे मात्र नाही. १९८९ च्या रस्ता-नियमांत, मिरवणुकीजवळून जाताना इतर चालकांनी ताशी २५ किलोमीटरपेक्षा अधिक वेग ठेवू नये, असे सांगितलेले होते. म्हणजे मिरवणुकीने वेग वाढवावा असे नियमकर्त्यांच्या मनात कधीच नव्हते, इतरांनी आपला वेग कमी करावा, एवढेच होते.

परदेशातले दाखले तुम्हाला कोणीतरी देईल, म्हणून तेही सांगून टाकतो. अमेरिकेतल्या काही राज्यांत अंत्ययात्रेला चौकात अग्रहक्क आहे. फ्लोरिडा राज्याच्या कायद्यात यात्रेच्या पुढच्या गाडीवर पिवळसर किंवा जांभळा फिरता दिवा असावा, तो समोरून ५०० फुटांवरून दिसावा, मागच्या गाड्यांनी हेडलाइट लावून एकमेकींच्या जवळ राहावे, अशी तपशीलवार व्यवस्था आहे. मात्र तिथेही रंग मुद्दाम वेगळे निवडले आहेत, म्हणजे पोलीस आणि रुग्णवाहिका यांच्याशी गल्लत होणार नाही. आणि खरी आपत्कालीन गाडी आली तर अंत्ययात्रेनेच तिला वाट द्यायची असते. आता यातला जांभळा दिवा उचलून आपल्याकडे आणावा, असे कोणाच्या मनात आले, तर वर लिहिलेले पुन्हा वाचावे : आपल्या नियमांत जांभळी काच रुग्णवाहिकेच्या दिव्याला दिलेली आहे. तिथे गल्लत टाळणारा रंग इथे नेमकी गल्लत करील. त्या व्यवस्थेतून घेण्यासारखी गोष्ट दिव्याची नाहीच. मागच्या गाड्यांनी हेडलाइट लावून जवळ राहावे, हे घेण्यासारखे आहे आणि त्याला पैसाही लागत नाही.

सायरन नको, नुसता दिवा लावू, असा मधला मार्ग मंडळातले कोणी सुचवील. मला तो पटत नाही. दिवसा त्या दिव्याचा उपयोग जवळजवळ नसतो, आणि रात्री त्याची उघडझाप मागून येणाऱ्या तुमच्याच गाड्यांच्या डोळ्यांवर येते. मात्र ‘ही अंत्ययात्रा आहे’ हे मागच्या-पुढच्या माणसाला कळावे, ही अपेक्षा अगदी रास्त आहे. ते कळावे यासाठी लखलखाट लागत नाही. मागच्या दारावर मोठ्या अक्षरांत ‘अंत्ययात्रा’ एवढा एकच शब्द असलेली पाटी पुरते. ती अंधारातही दिसावी असे वाटत असेल, तर नियम १०८ मध्येच सात वॉटपेक्षा जास्त शक्ती नसलेल्या, दुधी काचेने किंवा तशाच आवरणाने प्रकाश पसरवणाऱ्या दिव्याला सवलत आहे. असा मंद दिवा असलेली पाटी करता येईल. बसवण्यापूर्वी आरटीओला एका कागदावर रेखाटन काढून दाखवा आणि त्यांचे उत्तर लेखी घ्या. त्याच फेरीत परावर्तक पट्ट्यांचेही पाहून घ्या : पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल. अनेक शववाहिकांवरच्या या पट्ट्या सोललेल्या, झिजलेल्या असतात आणि रात्री महामार्गावरून एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पार्थिव नेताना त्यांचीच सर्वांत जास्त गरज पडते.

चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवत जाण्याची पद्धतही आता रूढ झाली आहे. सरळ रस्त्यावर अगदी हळू जाताना तिचा थोडा उपयोग असेल, पण वळणावर ती घात करते, कारण चारही दिवे लुकलुकत असताना गाडी डावीकडे वळणार की उजवीकडे, हे मागच्याला कळण्याचा मार्ग उरत नाही. तुमच्या आईंच्या गाडीचा चालक परगावचा होता. त्याला पुढच्या गाडीने वळताना एक साधा इंडिकेटर दाखवला असता, तर कदाचित तो चुकला नसता.

आता त्या दिवसाच्या खऱ्या गाठीशी येतो. तुमच्या आई सर्वांत शेवटच्या गाडीत होत्या. त्या तिथे का होत्या? हा दोष मी तुम्हाला देत नाही. मडके तुमच्या हातात होते, तुम्ही शववाहिकेत होता आणि मागे वळून पाहणे हे त्या वेळी तुमचे काम नव्हते. पण आपल्याकडे पूर्वी बायका स्मशानात जात नसत, उंबरठ्यावरूनच निरोप घेत. आता अनेक घरांतल्या बायका जातात, आणि हे चांगले झाले आहे. रीत बदलली, मांडणी मात्र बदलली नाही. पुरुष पुढच्या गाड्यांत बसून निघतात आणि ‘बायकांची गाडी येईल मागून’ असे कोणीतरी म्हणते. ज्या बाईचा नवरा गेला, तिची गाडी शववाहिकेच्या लगेच मागे असायला हवी, किंवा तिला शववाहिकेतच जागा हवी. शववाहिकेत दोन्ही बाजूंना बाके असतात. त्यांवर शेजारपाजारचे धडधाकट लोक बसतात आणि घरची म्हातारी माणसे मागच्या गाडीत जातात, हे मी किती वेळा पाहिले आहे.

दुसरी गाठ स्मशानातली आहे. सरण रचण्यापूर्वी ‘सगळे आले का?’ असे कोणीतरी विचारले असेल आणि कोणीतरी ‘हो’ म्हटले असेल. दहा मिनिटे थांबले असते तर काहीही बिघडले नसते. तिथल्या कर्मचाऱ्यांना पुढचे मयत येणार असल्याची घाई असते, गुरुजींना दुसरीकडे जायचे असते, आणि घरच्यांपैकी कोणाला ‘थांबा’ म्हणण्याचे भान नसते. म्हणून ते भान असलेला एक माणूस आधीच नेमावा लागतो. तो अगदी जवळचा नातेवाईक नसावा. मेव्हण्याचा मित्र, शेजारी, कार्यालयातला सहकारी, असा कोणीही शांत डोक्याचा माणूस चालेल. त्याने शेवटच्या गाडीत बसावे. त्याचा आणि शववाहिकेच्या चालकाशेजारी बसलेल्या माणसाचा फोन नंबर एकमेकांजवळ असावा. तो उतरून ‘आलो’ म्हणेपर्यंत पार्थिव गाडीतून खाली घेऊ नये. तुमचे मंडळ हा एक नियम करू शकले, तर त्या गावातल्या कितीतरी घरांवर उपकार होतील.

निघण्याची वेळही आपल्या हातात असते, हे आपण विसरतो. बाजाराच्या दिवशी, शाळा भरण्याच्या वेळी, कार्यालये उघडण्याच्या वेळी निघावेच लागते असे नाही. पार्थिव ठेवण्याच्या शीतपेट्या आता तालुक्याच्या गावीही मिळतात. अशी पेटी असली की परगावच्या मुलीची वाट पाहता येते आणि अकराऐवजी दुपारी दोनला निघता येते. जमाव फार मोठा असेल तर पोलीस ठाण्यात आधी कळवावे, म्हणजे ते चौकात माणूस उभा करू शकतात. वाहतूक थांबवण्याचा अधिकार त्यांचा आहे. चौकात मोटारसायकली आडव्या लावून लोकांना थोपवणारी आपलीच तरुण मुले हे काम प्रेमाने करतात, पण एखादा ट्रक वेळेत थांबला नाही तर काय होईल, हा विचार त्यांच्या मनात नसतो. त्यांना त्यापासून परावृत्त करा. त्यांच्यापैकी एकाला प्रत्येक वळणावर फुटपाथवर उभे करून मागच्या गाड्यांना हाताने रस्ता दाखवायला सांगा. हे काम जास्त उपयोगी आहे.

खरी तातडी मृत्यूनंतरही कधी कधी असते, हे नोंदवून ठेवायला हवे. नेत्रदान केले असेल तर डोळे मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत काढून घ्यावे लागतात. अवयवदानात तर मिनिटांचा हिशेब असतो आणि त्यासाठी पोलीस रस्ता मोकळा करून देतात. या दोन्ही ठिकाणी घाई आहे ती कोणातरी जिवंत माणसासाठी. सायरनची जागा तिथे आहे.

तुम्हाला वडिलांच्या नावाने काहीतरी द्यायचे आहे, ही इच्छा मोडू नका. मंडळाच्या बैठकीत चालकालाच विचारा, की गाडीत नेमके काय कमी आहे. टायर गुळगुळीत झाले असतील, मागच्या दाराची कडी लागत नसेल, पार्थिव सरकवण्याच्या ट्रेची चाके गंजली असतील, वृद्ध बायकांना चढायला पायरी उंच पडत असेल. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एक खालची, न घसरणारी पायरी, धरायला एक दांडी आणि पुढच्या बाकावर ‘पत्नी, आई, मुले यांच्यासाठी राखीव’ अशी पाटी. पायरी बसवण्यापूर्वी तिचेही आरटीओला विचारून घ्या. शक्य असेल तर मंडळासाठी एक शीतपेटी घ्या. ती एकट्याला न झेपल्यास चार देणगीदारांत घ्या.

आईंशी बोला, असे म्हणणे सोपे आहे आणि करणे अवघड, हे जाणतो. त्या बोलत नाहीत म्हणून त्या तुम्हाला दोष देत आहेत, असे तुम्ही गृहीत धरले आहे. तुमच्या पत्रात तसे सांगणारे एकही वाक्य मला सापडले नाही. पायरी किती उंच असावी, हे त्यांना विचारून पाहा. गाडी घरासमोर आणून त्यांना एकदा चढून-उतरून दाखवायला सांगणे, त्यांना झेपणार असेल तरच, वाईट ठरणार नाही. त्या नको म्हणाल्या तर आग्रह करू नका.

राहता राहिली दुकानदाराला दिलेली आगाऊ रक्कम. पट्टी अजून बसवलेली नसेल, तर तो ती परत घ्यायला फारशी कुरकुर करणार नाही, असे वाटते. त्या पैशात परावर्तक पट्ट्या, मागच्या दिव्यांचे नवे बल्ब आणि दोन्ही बाजूंचे मोठे आरसे येतात का, ते त्याला विचारा. उजव्या बाजूचा आरसा आधी बदलून घ्या.